उघड्या डोळ्यांचा नमस्कार

१७ नोव्हेंबर

आज सकाळी काय केलं ते आधी लिहून ठेवतो. नेहमीचंच केलं. प्रयोगशाळेसाठी निघालेला हिरवा लेझर जुळवणीला माझ्या टेबलावर होता. किल्ली फिरवली, प्रकाश उमटला, गॉगल कपाळावर सरकवला आणि हात जोडले. लेझर बनवणाऱ्या कंपनीने जव्हारला शेड टाकली तेव्हापासून असंच. दिवा लागला की हात जोडायचे, लहानपणची सवय. गॉगलमधून तो हिरवा दिसतच नाही, गॉगल त्यासाठीच असतो. मग न दिसणाऱ्या दिव्याला नमस्कार कसला? खळ्यावर धान्याची देवी, कणसरी माता असते, तिथे कोणी चपला घालून जातं का?

जुळवणी कमी ताकदीवर करतात, म्हणून भीती कधी वाटली नाही.

आज बाजूने काहीतरी चमकलं. टेबलावर पाना राहिला होता, त्यावरून प्रकाश उलटला असेल. उजव्या डोळ्यात फोटोचा फ्लॅश पडावा तसं. गॉगल खाली ओढला, काम केलं. दुपारी भाकर खाताना डाग तसाच. आत्ता डावा डोळा मिटला तर वहीची ओळ मधेच वाकते.

ट्रेनिंगला सांगितलं होतं, आतला पडदा भाजला तर दुखत नाही.

दुखत नाहीये.

१८ नोव्हें.

डाग आहे. जिथे बघावं तिथेच बसतो. बाजूला बघितलं की तोही बाजूला.

आज नमस्कार गॉगल लावून केला. काहीच न केल्यासारखं वाटलं.

कामावरून आलो तो तसाच खळ्यावर, भात झोडायला. हिच्या लक्षात आलं. "असा एक डोला मिटून काय बघतोस?"

म्हटलं, कुसळ गेलं.

"कुसल जाल्यावर माणूस डोला चोळतो. तू त मोजमाप घेतोस."

हसलो. ती नाही हसली.

२० नोव्हें.

शेवटचा आरसा बसेना. एवढासा स्क्रू केसभर फिरवायचा आणि प्रकाश बरोबर भोकाच्या मधोमध पडायला हवा. उ. डो.ने भोकच दिसत नाही. डाव्याने करायला गेलो तर हात चुकीच्या बाजूला जातो. सारा दिवस त्यातच.

मनीषा मॅडम येऊन उभ्या राहिल्या. इथल्या सगळ्या जुळवणीची आणि सुरक्षेची जबाबदारी त्यांच्याकडे. "काशिनाथदादा, आज आरसा रुसलाय का तुमच्यावर?"

पॅकिंगमधून बबन ओरडला, "मॅडम, वहिनी रुसली असेल, आरशाला कशाला नाव!"

सगळे हसले. मी म्हणालो, हवा गार आहे, धातू आखडतो. मॅडमनी मान हलवली. खोटं चाललं त्याचं वाईट वाटलं. चाललं म्हणून बरंही वाटलं.

सांगितलं तर टेबल जाईल. खोके बांधायला बसवतील. त्याचीही लाज नाही, पण तो प्रकाश पहिल्यांदा सरळ होतो ते बघायला मिळणार नाही. आणि बाहेर बोलतील, डोंगरातली माणसं, लेझरलाही हळदीकुंकू...

हळदीकुंकू मी कधी नाही लावलं. काचेला कण चालत नाही, एवढं कळतं मला. फक्त हात जोडले.

२१ नोव्हें.

हे लिहायची वेळ यायला नको होती.

सुमनला आज तिचं स्वतःचं टेबल मिळालं. थोरल्या भावाची पोरगी, साखरशेतहून माझ्याच मोटरसायकलवर मागे बसून येते. दिलेलं मशीन कारखान्यांत पत्रा कापतात त्या जातीचं. त्याचा प्रकाश डोळ्याला दिसतच नाही, जुळवताना नुसता कार्डावर उमटतो. तिने किल्ली फिरवली, गॉगल कपाळावर घेतला, हात जोडले. डोळे मोठे उघडे, देवीच्या मुखवट्यासारखे.

मी ओरडलो, "गॉगल!"

शेडमध्ये सगळं थांबलं. सुमन दचकली आणि मग हसायला लागली. "काका, केवढ्यांदा! तुम्हीच ना शिकवलंत? झाकल्या डोळ्याचा नमस्कार पोचत नाही म्हणून?"

माझंच वाक्य. बोलायचं म्हणून कधीतरी बोललो असेन.

मग बाकीच्या टेबलांकडे बघितलं. सगळ्यांचे गॉगल कपाळावरून खाली येत होते. रोज डोळ्यांसमोर होतं हे. मी माझा नमस्कार करण्यात गुंग.

परतताना गाडीवर म्हणालो, यापुढे गॉगल काढायचा नाही.

"का?"

"असंच."

"असंच कसं? उद्या म्हणाल खळ्यावर बूट घालून ये."

वाऱ्यात ऐकू आलं नाही असं दाखवलं.

२३ नोव्हें., रविवार

झोडणी उरकली. रास घातली, वर फूल ठेवलं. उ. डो.ने बघितलं तर रास आहे, फूल नाही.

दिवसभर एकच विचार. चूक नमस्कारात होती का? दिव्याचा राग झाला का माझ्यावर? नाही. दिवा कोणावर रागावत नाही. आई समईची वात सारायची तेव्हा बोट भाजायचं तिचं. तोंडात घालायची, पुन्हा वात सारायची. देवाची असली म्हणून वात भाजायची थोडीच थांबते. हे मला कळत होतं. हात जोडले की कळेनासं होतं, एवढंच.

माझा डोळा माझ्यापुरता. पण सुमनचा? आणि त्या बाकीच्यांचा? उद्या पुन्हा किल्ल्या फिरतील. मी रोज किती जणांवर ओरडणार? आणि कारण सांगितल्याशिवाय कोण ऐकणार?

ही समोर नाचणी पाखडत बसली होती. उ. डो.ने तिचं नाक दिसत नव्हतं, कपाळावरचं कुंकू मात्र दिसत होतं. मान न उचलता म्हणाली, "कुसल नाय ते."

सगळं सांगितलं. सूप खाली ठेवलं तिने.

"तुझा व्हायचा ता झाला. सुमीची आईस माझ्या दारात येल, तवा मी काय सांगू? कुसल गेला?"

२४ नोव्हें.

सुमनला रस्त्यातच म्हणालो, आज मी टेबलाला हात लावायच्या आधी तू लावू नकोस. थेट मॅडमकडे गेलो. आधी वाटलं होतं नीट मांडून बोलू. कुठलं काय.

"मॅडम, मी गॉगल काढून लेझरला नमस्कार करतो."

त्यांना वाटलं गंमत. मग माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. "म्हणजे? चालू असताना?"

"चालू झाला की."

"रोज?"

"रोज." मग डोळ्याचं सांगितलं.

खुर्चीवरून उठल्या. "सोमवारी झालं आणि आज सांगताय? दादा, एक आठवडा!" पुढे आवाज खाली आला. "फक्त तुम्हीच करता ना?"

इथे नाही म्हणता आलं असतं.

"सगळे," मी म्हणालो. "माझं बघून."

मॅडम शेडमध्ये गेल्या आणि एकेका टेबलाची किल्ली काढून खिशात टाकत गेल्या. सुमनचीही. पहिलं टेबल मिळून पुरते दोन दिवस काम झालं नव्हतं तिचं. सगळ्यांचे डोळे तपासणार, नाशिकला. उद्या पहिला मी. किल्ल्या कधी परत मिळतील, कोणाला मिळतील, त्या बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

सुमन एसटीने गेली. मागची सीट हलकी, वळणावर गाडी भलतीकडेच जात होती.

घरी आलो तर सुमन तिच्या ओट्यावर लसूण सोलत होती. वर बघितलं नाही.

"माझं पण नाव घेतलंत?"

"सगळ्यांचं."

लसणाची साल फुंकली. आतून तिच्या आईने दिवा लावला. सुमनने हात जोडले नाहीत.

"तुम्हाला तो दिवा दिसतो का, काका?"

"सरळ बघितलं तर नाही. कडेने दिसतो."

"मग कडेनेच करा नमस्कार." रागावूनच म्हणाली.

मान वळवली. केला.

उद्या डोळ्यात थेंब टाकतील, त्यानंतर दिवसभर अक्षर दिसत नाही म्हणतात. डाग जाईल का राहील ते तिथेच कळेल, किंवा तिथेही नाही. म्हणून आजच लिहितो, वाकड्या ओळीवर का होईना. सांगितलं.