तो फ्रीज बंद करा

३ ऑक्टोबर

ठरलं. अण्णाच!

इथल्या फिल्म-शाळेत आवाज शिकवणाऱ्या मास्तरांनी (मी मनात कानमास्तर म्हणते, कान खरंच सुपाएवढे आहेत) आज परीक्षेची फिल्म करायला दिली. आठ मिनिटं. माणूस असा निवडायचा की जो पडद्यावर एकदाही दिसणार नाही, नुसता ऐकू येईल. डिसेंबरच्या मध्यावर जमा. यात पास तर पुढचं वर्ष, नाहीतर गाशा गुंडाळा. वर्गात सगळे डोकं खाजवत बसले. मला विचारच करावा लागला नाही.

चौतीस वर्षं अण्णा फाउंड्रीत. वाळूचे साचे करायचे, त्यात लोखंड ओतायचं, थंड झालेला भाग बाहेर काढून लहान हातोडीनं ठोकून बघायचा. खणखणीत वाजला की पास. बद्द वाजला की आत भेग. डोळ्यांना काही दिसायचं नाही, पण अण्णांना ऐकू यायचं. साहेब लोकसुद्धा मशीनच्या आधी अण्णांना बोलवायचे. पुढे त्याच धडधडाटात कान गेले, डावा पुरता, उजवा निम्मा. तेव्हापासून बोलणं म्हणजे ओरडणं. शेजाऱ्यांना वर्षानुवर्षं वाटायचं की आमच्याकडे रोज भांडण असतं.

अण्णा सांगणार, लोखंड कसं ऐकायचं. आणि पडद्यावर हे परदेशातलं शहर. मी हातोडी घेऊन इथल्या एकेका वस्तूवर ठोकत जाणार.

९ ऑक्टोबर

पहिलं रेकॉर्डिंग. पद्धत अशी — मी इथून फोनवर, तिकडे फोन स्पीकरवर. दोन वर्षांपूर्वी निघताना माझा जुना रेकॉर्डर घरी ठेवला होता, तो दादा अण्णांच्या तोंडाशी धरणार आणि नंतर फाइल पाठवणार.

फाइल आली. सगळा आवाज फाटलेला! आवाज मोजणारा काटा लाल रेघेवरून खाली यायला तयार नाही. "अण्णा, हळू बोला" हे मी अकरा वेळा म्हटलंय, मोजलं. "हळूच बोलतोय की!" हेही त्यांनी अकरा वेळा ओरडून सांगितलंय. मागे आई हसतेय. मध्येच दोनदा मोठी ढास लागली त्यांना, तेवढं कापावं लागेल.

आईनं विचारलं, डिसेंबरच्या सुट्टीत येतेस ना? म्हटलं, फिल्म जमा होऊ दे, मग बघू. मागच्या वर्षीही हेच म्हटलं होतं, ते तिच्या लक्षात आहे. मग तिकडे थंडी किती ते विचारलं तिनं.

१७ ऑक्टोबर

दादाचा निरोप. अण्णांना सर्दी-ताप. आठवडाभर रेकॉर्डिंग नको.

२७ ऑक्टोबर

अजून सर्दीच! दादाला म्हटलं, सर्दी आहे की पाहुणी? जायचं नावच काढत नाही. निदान व्हिडिओ लाव, तोंड तरी बघू त्यांचं. तर याच्या फोनचा कॅमेरा बिघडलाय म्हणे. दुरुस्त कर की मग! पण आमचा दादा म्हणजे घरातला नळ टपकला तरी महिनाभर खाली बादली ठेवणारा माणूस.

इथे माझे दिवस चाललेत. सकाळी वर्ग, दुपारी शाळेच्या सामानघरात नोकरी. लोक केबल परत आणतात त्या गाठी मारूनच. मी त्या सोडवायच्या, गुंडाळायच्या, नंबर लावून खुंटीला टांगायच्या. खिडकी नाही. चार तासांत कुणी माझ्याशी चार शब्द बोलत नाही. खोलीवर आलं की हीटर अर्धा तास खडखडतो आणि मग गप होतो.

४ नोव्हेंबर

आज झालं रेकॉर्डिंग. आणि काय सांगू — अण्णांचा आवाज फाटला नाही! मऊ, खालचा, कानाशी येऊन बोलावं तसा. काटा बरोब्बर हवा तिथे. शेवटी ऐकलं म्हणायचं माझं! मी म्हटलंसुद्धा, "अण्णा, आज कसे शहाण्यासारखे बोलताय." ते नुसते हसले.

एकच कटकट. मागून सारखी घुं-घुं, आणि मध्येच फुस्स. दादाला विचारलं, फ्रीज आहे का रे तो? तो जरा थांबला आणि म्हणाला, हो, फ्रीजच. म्हटलं, मग बंद कर ना. तर म्हणे, दूध नासेल. दहा मिनिटांत दूध नासतं? दादाला दुधाचा एवढा पुळका कधीपासून आला? मी आवाज चढवला. "कुणीतरी तो फ्रीज बंद करा. इथे माझं वर्ष पणाला लागलंय."

मागून अण्णा म्हणाले, "कर रे बंद. तिचं काम आहे."

खटका वाजला, घुं-घुं थांबली. काय स्वच्छ रेकॉर्डिंग आलंय! दहा मिनिटांत दादानं तीनदा विचारलं, झालं का, झालं का. याला कुठे जायचं होतं कोण जाणे.

११ नोव्हेंबर

तिसरं रेकॉर्डिंग. साचा कसा भरायचा ते सगळं सांगितलं. वाळू किती ओली, मुठीत दाबून कशी बघायची. पण मध्ये मध्ये फार थांबतात. एका वाक्यात तीन ठिकाणी. म्हटलं, अण्णा, सलग बोला, नाहीतर जोडताना मला त्रास होतो. त्यांनी तेच पुन्हा सांगितलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा जमलं.

शेवटी खोलीची शांतता हवी होती. कानमास्तरांचा नियमच आहे — बोलणं संपलं की एक मिनिट कुणी हलायचं नाही, खोली नुसती कशी ऐकू येते ते घ्यायचं. बोलण्याच्या दोन तुकड्यांमध्ये ती शांतता भरावी लागते. सगळे बसले गप. चाळीस सेकंदांवर अण्णा खोकले. म्हटलं, परत. पुन्हा पंधरा सेकंदांतच खोकले. तिसऱ्या वेळी अर्धं मिनिट मिळालं, तेवढ्यावर भागवलं. आई तिकडून म्हणाली, "पुरे गं आता, सोड त्यांना." मला रागच आला. मी काय खेळतेय का इथे?

झालं म्हटलं आणि फोन ठेवला. दादा फाइली भल्या लांबलचक पाठवतो, मी फोन ठेवल्यावरसुद्धा रेकॉर्डर बंद करायचं त्याला सुचत नाही. मागची सगळी शेपटी मी न ऐकताच कापून टाकते. भांड्यांचे आवाज ऐकत बसायला वेळ कुणाला आहे?

१२ नोव्हेंबर

सत्तावीस केबल. एक शब्द नाही.

२० नोव्हेंबर

उंटाबरोबर शूटिंग. उंट म्हणजे माझा कॅमेरावाला, वर्गातलाच, सव्वासहा फूट आणि मान पुढे. पुलाचे कठडे, दिव्याचे खांब, बंद दुकानांची शटरं, एका पडक्या कारखान्याचं फाटक — सगळ्यांवर ठोकत फिरलो. एका रखवालदारानं आम्हाला चोर समजून हाकललं. उंट माफी मागत पुढे आणि मी मागे पळता पळता फाटकाच्या पाटीवर ठोकून घेतलं!

गंमत म्हणजे मला कळायला लागलंय. तिसरा खांब बद्द वाजला. वाकून पाहिलं तर बुडाशी गंजून पोकळ झालेला. अण्णांना फोन करून सांगितलं. म्हणाले, "ठमे, कान... माझा घेतलास तू." मला इतका आनंद झाला की रस्त्यातच डोळे भरून आले.

मग म्हणाले, "सुट्टीत... जमेल का यायला?" त्यांनी कधी विचारलं नव्हतं असं. नेहमी आईच विचारते. म्हटलं, अण्णा, सुट्टीतच तर सामानघरात पूर्ण दिवसाचं काम मिळणार आहे, फेब्रुवारीत नक्की येते. "हां हां. काम आधी," म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

२८ नोव्हेंबर

चौथं आणि शेवटचं रेकॉर्डिंग. भेग कशी ऐकू येते ते. मी सरळ सांगितलं, आज वीस मिनिटं तरी लागतील, आधीच बंद करून ठेवा फ्रीज. दादा फोनवर एकदम तापला — "तुला दुसरं काही सुचतं का गं?" आयुष्यात कधी मला असं बोलला नव्हता. अण्णांनीच त्याला गप्प केलं.

चांगलं आलं. फारच चांगलं.

५ डिसेंबर

वर्गात कच्ची फिल्म दाखवली. दिवे लागले. मग कानमास्तर म्हणाले की हा माणूस थांबतो कुठे आणि श्वास घेतो कुठे, ते तुम्ही कापलं नाहीत हे फार चांगलं केलंत. या श्वासांमध्ये सगळी फाउंड्री ऐकू येते म्हणाले. विचारलं, त्यांनी कधी नाटकात काम केलंय का?

मी हसून नाही म्हटलं. अंगावर मूठभर मांस चढलं.

एकच खोट काढली. शांततेचा तुकडा एकच आहे आणि तो फिरवून फिरवून लावलाय, लांबचं कुत्रं दर अर्ध्या मिनिटाला तेच भुंकतं. दुसरी शांतता शोधा, मूळ फाइलींच्या शेवटी कुठेतरी मिळेल, शेवटपर्यंत ऐकत जा. हे ते पहिल्या दिवसापासून सांगतायत.

९ डिसेंबर

आज शेपट्या ऐकायला बसले. अठ्ठावीस तारखेची आधी घेतली. मी "झालं, छान" म्हणून फोन ठेवला, त्याच्या पुढे. जसं आहे तसं लिहून ठेवते.

आई — "ठेवला का तिनं?"

दादा — "ठेवला."

खटका. घुं-घुं सुरू. फुस्स.

आई — "आधी नळी लाव नाकाला. ओठ बघ कसे निळे पडलेत."

दादा — "अण्णा, डॉक्टरांनी सांगितलंय, ऑक्सिजन पाच मिनिटांच्या वर काढायचा नाही. आज बावीस मिनिटं झाली. मी तिला सांगणार आता."

मग बराच वेळ अण्णांचा नुसता श्वास. मी हजार वेळा ऐकलेला, कापलेला, जोडलेला.

अण्णा — "नाही सांगायचं. परीक्षा आहे... तिची." आणि थोड्या वेळानं — "चांगलं आलं असेल ना रे?"

मी नोव्हेंबरच्या तिन्ही शेपट्या ऐकल्या. तिन्ही वेळा तेच. अकरा तारखेच्या फाइलीत तर त्यांना बोलताच येत नाहीये, आई पाठ चोळतेय नि रडतेय. आणि मी त्यांच्याकडून तीन तीनदा शांतता घेतली.

काय केलं मी हे!

१० डिसेंबर

दादाशी बोलले. सर्दी-बिर्दी काही नव्हती. सतरा ऑक्टोबरला दवाखान्यात, नऊ दिवस. फाउंड्रीची वाळू फुप्फुसात बसलीय, निम्म्याच्या वर कामातून गेलंय. मग घरी मशीन. कॅमेरा बिघडलेला नाही, नाकात नळी दिसली असती म्हणून. मी भांडायला लागले, मला का नाही सांगितलंत, तर दादा म्हणाला, "रोज सांगणार होतो गं. रोज तू घाईत असायचीस."

मग अण्णा आले फोनवर. मागे घुं-घुं, फुस्स. मला रडू आवरेना. म्हटलं, अण्णा, मशीन का बंद केलंत? मला सांगायचं नाही का?

"चालू ठेवलं असतं... तर तू म्हणाली असतीस... परत करा," म्हणाले. आणि हसले! हसताना पुन्हा दम लागला. म्हटलं, आता बोलू नका, नुसते धरून बसा फोन. ते चालू राहू दे. तेरा तारखेचं तिकीट मिळालंय, मी येतेय. चौदाच्या संध्याकाळी घरी.

"आणि फिल्म?"

म्हटलं, फिल्म गेली उडत.

दोन महिने मी अख्ख्या शहरावर ठोकत फिरले. माझ्या कानाशी रोज भेग वाजत होती आणि मी म्हणत होते, काय मऊ आवाज आलाय!

११ डिसेंबर

कानमास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी गळ्यातले हेडफोन काढून ठेवले. मग म्हणाले, फिल्मचं काय ते तुम्ही ठरवा, आधी घरी जा. उंटानं न विचारता माझी बॅग खोलीवरून स्वतःकडे नेली, तिचं चाक मोडलं होतं ते बसवून आणली.

१२ डिसेंबर

दिवसभर फोन चालूच ठेवला. सामानघरात कानाला लावून केबल गुंडाळल्या. तिकडे फोन अण्णांच्या उशीशी. कुणी काही बोलत नव्हतं. घुं-घुं, फुस्स. घुं-घुं, फुस्स. मध्येच आईच्या बांगड्या. इतकं बरं वाटलं, किती दिवसांनी.

१३ डिसेंबर

विमानतळ. आत सोडायला अजून दीड तास आहे. दादाचा फोन आला, घरून. हॅलो म्हणाला आणि पुढे बोलेचना.

मी ऐकत राहिले. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. लांबचं कुत्रं ऐकू येत होतं. एवढी स्वच्छ शांतता त्या खोलीतून मला कधीच मिळाली नव्हती.

म्हटलं, "दादा, मशीन कुणी बंद केलं?"