दोन्ही फौजा आपल्याच

भोर, सोमवार, २ डिसेंबर १९६८

सन्माननीय ज्ञानूराव यांस,

सावळारामचा भोरहून, चांगली मांडी घालून सवडीने लिहिलेला रामराम. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचा खोकला थंडीत वाढला तर नाही ना?

एका लढाईला खरा खर्च काय पडतो हे तुम्हांला पुण्यात कुणी सांगितलं नसेल, म्हणून ते आधी लिहितो. स्वयंपाकघराचं दार एक, बिजागऱ्यांवरून उतरवलेलं. गिरणीतलं भाताचं तूस पोतंभर, शेण-मातीत कालवून. बेंदराला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला रंग, सगळा. तुमच्या बहिणीचा लग्नातला आरसा, फोडून. आणि त्या आरशापायी अबोला, जो अजून चालू आहे. बाकीचं सगळं फुकट म्हणावं लागेल. आमच्याकडे बाकी क्षेम आहे. रतन बरी आहे, गिरण बरी आहे, सगुणाबाईही (ती रागात असली की मी पूर्ण नाव घेतो) बरी असावी, कारण आतून भांडी जोरात वाजत आहेत.

तुम्ही म्हणाल, कसली लढाई, सावळाराम भात भरडायचं सोडून कुठे लढायला गेला. तर ऐका. गुंजवण्याचे सुभेदार कोंडिबा पेन्शन घेऊन गावी आले. फौजेत साहेबलोक वाळूत डोंगर-नद्या मांडून लढाईचा सराव करतात. ती वाळू चाळायचं आणि डोंगर रचायचं काम सुभेदारांकडे असे. गावी आल्यावर त्यांचे हात गप्प बसेनात. जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं ते चुलीवर वितळवतात, मऊ दगडात कोरलेल्या साच्यात ओततात, आणि बोटाच्या पेराएवढा मावळा बाहेर काढतात. त्याला ढाल असते, तलवार असते, मिशी असते. (मिशी सुईने कोरतात. त्या वेळी घरात कुणी शिंकायचं नाही असा त्यांचा हुकूम आहे, आणि सुभेदारीणबाई त्यासाठी मिरच्या शेजारी जाऊन भाजतात.) आमचा दादू शिंपी त्या मावळ्यांना नखाएवढी निशाणं शिवून देतो, शिवाय काठाला दुमड घालतो. ज्या दादूने माझ्या सदऱ्याची एक बाही जन्मात दुसरीएवढी केली नाही, तो हाच.

मी पहिल्यांदा गेलो तो हसायला. मोठी माणसं मुलांचा दिवाळीतला किल्ला दिवाळी उलटल्यावर खेळतात, एवढंच कानावर आलं होतं. वेल्ह्याच्या एसटीने मार्गासनीपर्यंत गेलो, पुढे पायी. सुभेदारांच्या ओसरीवर दोन बाजांवर फळ्या टाकून सगळं खोरं मांडलेलं. सुभेदार म्हणाले, सावळाराम, उभं राहून बघू नका, खाली बसा, एक डोळा मिटा आणि मावळ्याच्या उंचीवरून बघा. मी हसत हसत गुडघे टेकले आणि डोळा फळीला लावला. ज्ञानूराव, माझं हसू तिथेच राहिलं. समोर डोंगर उभा होता. त्याच्या सोंडेवरून घोडदळ उतरत होतं, पिंजलेल्या कापसाची धूळ उडत होती, आणि अगदी जवळ, माझ्या नाकाशी, एक मावळा पाठमोरा उभा राहून तेच बघत होता जे मी बघत होतो. मी मार्गासनीतून एका धोतरावर निघालो, हमाली केली, गिरण उभी केली, पण पुढे काय आहे हे न कळता असं उभं राहण्याचे दिवस मी विसरलो होतो. त्या बोटभर गड्याने ते परत दाखवले. किती वेळ तसा होतो कोण जाणे. उठवायला दोघे लागले.

त्या दिवसापासून मी आमच्या रविवारच्या लढाई मंडळाचा सभासद आहे. नियम सोपे आहेत. पायदळ एका पाळीत एक वीत चालतं, घोडा दोन विती, चढ असला की निम्मं. सैनिक भिडले की कवड्या टाकायच्या; निम्म्याहून जास्त उताण्या पडल्या तर समोरचा माणूस आडवा. ज्याचे जास्त आडवे, तो हरला. पंच सुभेदार, आणि त्यांच्या शब्दापुढे शब्द नाही. घोळ फक्त एकाच गोष्टीचा आहे. अख्ख्या तालुक्यात गनीम व्हायला कुणी तयार नाही. सुभेदारांनी सगळ्यांना विचारून पाहिलं, पाळी लावून पाहिली, शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. ज्याची चिठ्ठी निघाली तो चहा तसाच सोडून घरी गेला. तेव्हा असं ठरलं की दोन्ही फौजा आपल्याच. दोन्हींकडे भगवं निशाण, दोन्हींच्या पगड्या लाल. उगवतीला उभी ती एकाची, मावळतीला उभी ती दुसऱ्याची. आपण आपल्याशीच का लढतो असं विचारलं तर दादू म्हणतो, गावात रोज काय चालतं मग?

आता मुद्द्याचं. वरवे बुद्रुकचे चिमाजीराव, वीटभट्टीवाले, हेही आमच्या मंडळाचे. त्यांचा मुलगा भोरच्या एसटी डेपोत मेकॅनिक आहे. आमच्या गिरणीचं इंजिन बघायला तो दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा इंजिन बिघडलेलंच नव्हतं, हे मला आवाजावरूनच कळलं होतं. मी काही बोललो नाही, रतनही काही बोलली नाही, आणि तिचं ते न बोलणंच मला स्पष्ट ऐकू आलं. (माझे कान तुम्ही जाणता. चालू गिरणीत भाताबरोबर खडा आला तर मला बाजारात कळतं. या घरात माझ्या कानावर न येता चमचासुद्धा पडत नाही.) तर चिमाजीराव कालच्या रविवारी बायको फुलाबाई यांना घेऊन आमच्याकडे यायचे ठरले. वरकरणी मंडळाची लढाई, आतून मुलगी बघणं. गिरणीतल्या फळ्या घरात मावेनात, म्हणून त्यांच्या जागी दाराचा बळी गेला, आणि मांडणीतल्या नीरा नदीला दुसरं काहीच शोभेना, म्हणून आरशाचा.

मात्र आदल्या दिवशी तुमच्या बहिणीने कुठून तरी बातमी आणली की चिमाजीरावांना हरणं सोसत नाही. म्हणे एका ठिकाणी त्यांचा बैल शर्यतीत मागे पडला, तर त्यांनी त्या गावची सोयरीकच मोडली. (अबोला होता तरी ही बातमी तिने मला सांगितली, म्हणजे भिंतीला सांगितली आणि भिंतीजवळ मी होतो.) मी म्हटलं, लढाई ती लढाई. तेव्हा रतन पाणी भरता भरता थांबली. तिने कधी माझ्याकडे काही मागितलं नाही, तुम्हांला ठाऊक आहे.

"आबा," ती म्हणाली, "उद्या तुमी हरा."

झालं. गिरण उभी करताना कुणापुढे मान खाली घातली नाही असा मी, हरायच्या तयारीला लागलो. आणि ज्ञानूराव, हरणं फार अवघड असतं हो. सुभेदारांसमोर हरायचं म्हणजे चूक दिसता कामा नये. रात्री अंथरुणावर मनातल्या मनात मी माझी फौज चार वेगळ्या रस्त्यांनी मारली.

लढाई सुरू झाली. मी बेत केल्याप्रमाणे टेकडी सोडली आणि सगळे मावळे उघड्यावर, नदीत उतरवले, की चिमाजीरावांच्या घोड्यांनी येऊन त्यांना सुखाने कापावं. तर चिमाजीरावांनी घोडे मागे ठेवले आणि आपलं पायदळ माझ्या घोड्यांच्या तोंडी आणून उभं केलं. बघायला जमलेली आळी पुढे सरकली. दादू हळूच म्हणाला की असला डाव त्याने ऐकलासुद्धा नाही. तिसऱ्या पाळीला आतून शिरा आला, तूप सुटलेला. मी मनात म्हटलं, पाहुण्यांचा मान. एकाचंही लक्ष बशीकडे गेलं नाही. सुभेदार दोन्ही हात मागे बांधून उभे होते आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. आमच्या दोघांच्याही कवड्या चांगल्या पडत होत्या, आणि प्रत्येक चांगल्या दानाला आम्ही दोघेही घाम पुसत होतो. तेवढ्यात चिमाजीराव मूठ तोंडाशी नेऊन कवड्यांना काहीतरी पुटपुटले. इतरांना वाटलं, देवाचं नाव. माझ्या कानांनी नेमकं टिपलं. ते म्हणत होते, पालथ्या पडा गं बायांनो, पालथ्या पडा.

म्हणजे हा गृहस्थही हरायला आला होता. पण आता दोघांनाही थांबता येईना, कारण दोन्ही फौजा नदीच्या मधोमध एकमेकांत शिरल्या होत्या. आरशात प्रत्येक मावळ्याच्या पायाखाली उलटा मावळा, वर खाली सगळीकडे आपलीच निशाणं. मला त्या घटकेला रतनही आठवेना, खरं सांगतो. मी पुन्हा एक डोळा मिटून खाली वाकलो होतो आणि समोरून चिमाजीरावही तसेच वाकले होते. नदीपल्याड मला त्यांचा एक मोठा डोळा दिसला, पाणावलेला. डोंगरामागून सूर्य वर यावा तसा.

लढाई संपली आणि आडवे मोजायची वेळ आली, तेव्हा सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं की कोणता मावळा कुणाचा हे सांगायला काही खूणच नाही. उगवत-मावळत राहिली नव्हती. सगळ्या पगड्या लाल.

"मेलेले माझे," मी म्हणालो.

"न्हाई, न्हाई," चिमाजीराव म्हणाले, "मेलेले आमचे. हुबे हायती ते समदे तुमचे."

"असं कसं, पावणं? म्या सोता पाडल्यात ते."

"मंग तर आमचंच की."

आळी आळीपाळीने आमच्या तोंडांकडे बघत होती. सुभेदारांनी आडव्या पडलेल्यांकडे पाहिलं, आम्हां दोघांकडे पाहिलं, आणि टोपी काढली.

"इतकी वर्सं नोकरी केली," ते सावकाश म्हणाले. "मेलेले माझे म्हणून भांडणारे दोन सरदार म्या कुठं बघितले न्हाईत."

आणि त्यांनी खाडकन सलाम ठोकला, आम्हांला की नदीतल्यांना ते कळलं नाही. दादूने डोळे पुसले. निकाल द्यायचं कुणाच्या डोक्यातच राहिलं नाही. मग चिमाजीरावांनी मला मिठी मारली आणि कानात सांगितलं की घरून बजावून पाठवलं होतं, सावळारामला हरवलंत तर पोराचं लगीन मोडंल, त्याला हरणं सोसत न्हाई. ही अफवा माझ्याविषयी कुणी उठवली हे मी शोधून काढीन; तूर्त विषय सोयरिकीचा आहे. तिथेच, नदीच्या काठावर, आम्ही दोघा बापांनी शब्द दिला आणि लग्न ठरवलं. दुसऱ्या कुणाला हे जमलं नसतं हे मी अभिमानाने लिहितो. मुलीचं घर मी कानांनी ऐकून आणि लढाई सोडून देऊन जिंकलं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा,
सावळाराम

ता. क. लग्न माघात धरायचं आहे. मामा म्हणून तुम्ही येणारच. तर एक काम. रुखवतात लाडू-चकल्यांच्या मधोमध ती सगळी लढाई, नदी-डोंगरांसकट, मांडायची असं चिमाजीरावांचं आणि माझं ठरलं आहे. ही कल्पना तुमची आहे असं तुम्ही तुमच्या बहिणीला स्वतंत्र पत्राने कळवावं. माझ्या पत्राचा उल्लेख नको. येताना एक आरसा आणावा, पहिल्याहून थोडा मोठा.

आणखी ता. क. पत्र बंद करता करता रतनला विचारलं, म्हणून कळवतो. आम्ही लढत होतो तेव्हा आत फुलाबाईंनी तिला कुंकू लावून तिची ओटी भरली होती. तेव्हा आमची दुसरी पाळी चालू होती.