दहाची ओळ

शाहूपुरी, कोल्हापूर
कार्तिक शुद्ध पंचमी, शके १८४०

ती. आक्का,

लांबूनच तुझ्या पायावर डोकं ठेवतो. तिकडची खुशाली विचारायला तोंड नाही, म्हणून विचारत नाही.

हे पत्र वीस दिवस लांबवलं. रोज म्हणायचो, आज बसतो. मग टाक सापडायचा नाही, टाक सापडला तर शाई वाळलेली असायची, आणि शाई कालवली की कुणीतरी हाक मारायचं आणि मी आनंदानं उठायचो. एकदा तर 'ती. आक्का' एवढं लिहून कागद खिशात घालून रंकाळ्यावर गेलतो. तिथं एक माणूस रेड्याला पाण्यात उतरवायला बघत होता, रेडा काही उतरत नव्हता. सगळी दुपार मी त्या रेड्याकडं बघण्यात घालवली.

खरं कारण वेगळंच आहे. माझी पत्रं तू कोनाड्यात साठवून ठेवायचीस, आणि बाळासो सुट्टीला आला की त्याच्याकडून वाचून घ्यायचीस. आता हे कोण वाचील? पोस्टमन वाचील. अंगणात उभा राहून, मोठ्यानं, शेजारच्या बायका ऐकत असताना. तर वाचू दे.

मी गुळाच्या एका अडतीच्या कट्ट्यावर बसलोय. गुऱ्हाळं नुकती लागलीत, पहिल्या ढेपी येताहेत. माश्या इतक्या आहेत, की कागदावर शाई कुठली आणि माशी कुठली कळत नाही. शेजारी माझी ट्रंक आहे. स्टेशन इथून हाकेवर. मिरजेची गाडी दुपारची आहे. पुढं कुठं जायचं ते ठरवलेलं नाही. तू म्हणशील, ह्याचं कधी काय ठरलं होतं. खरं आहे. चौथीतून शाळा सोडली, सर्कशीच्या मागं हुबळीपर्यंत गेलो, मग भरती झालो आणि बसऱ्याला खेचरं हाकली. खेचरं हाकता हाकता नायक झालो. शहाण्या खेचराला कळतं आक्का, पुढचा माणूस घाबरलाय का नाही ते. पण ते राहू दे.

जूनमध्ये बाळासोच्या शाळेनं पोरांची पलटण काढली, तेव्हा मीच गेलो हेडमास्तरांकडं, शिकवायला ठेवा म्हणून. ते म्हणाले, कवायत कुणीही शिकवील. तुम्ही पोरांना माणसं सांभाळायला शिकवा. पुढारपण शिकवा, बंदोबस्त शिकवा. आणि एक इंग्रजी पुस्तक दिलं. मी त्यातली चित्रं बघितली. सगळे गोरे, सगळ्यांच्या पायांत बूट. आमची साठातली चाळीस पोरं अनवाणी. पुस्तक ट्रंकेच्या तळाला घातलं, ते अजून तिथंच आहे, परत द्यायचं राहिलं.

मग मला जे दिसलं होतं ते शिकवलं. दहा-दहाच्या सहा ओळी केल्या, ओळीला एक नायक. नायकानं शेवटी खायचं. ताटं मोजायची नाहीत, तोंडं मोजायची. कूच झाल्यावर प्रत्येकाचा तळवा स्वतः बघायचा, विचारायचं नाही, कारण विचारलं की पोरगं 'बरं हाय' म्हणतं. शाबासकी मिळाली तर ओळीत वाटायची, बोलणी बसली तर स्वतःच्या अंगावर घ्यायची, वरचंही नाव घ्यायचं नाही, खालचंही नाही. आणि वाईट खबर कधी चिठ्ठीनं पाठवायची नाही. आपल्या पायांनी जायचं, समोर उभं राहायचं आणि सांगायचं. पोरं मला वस्ताद म्हणायची. मी जन्मात कुस्ती केलेली नाही, तरी वस्ताद.

बाळासो ज्या ओळीत होता तिचा नायक इकबाल. बादशहा पिंजाऱ्याचा पोरगा, सोळा वर्षांचा, घरूनच शाळेत यायचा. पहिल्या दिवशी मी प्रत्येक ओळीला शेंगा वाटायला दिल्या. पाच पोरांनी आधी आपली मूठ भरली. इकबालनं नऊजणांना वाटल्या, टोपली पालथी केली, आणि काही झालंच नाही असा उभा राहिला. मी तिथंच त्याला नायक केला. दाजींनी ज्याला शाळेच्या अंगणात मारलं, तो हाच.

आता ते लिहायला पाहिजे.

तुला सांगितलं गेलं, की तो नवा ताप आला आणि पोरगं गेलं. आणि मग सांगितलं गेलं, की पिंजाऱ्याच्या पोरानं डॉक्टरांना फसवलं, ताप लपवायला लावला, म्हणून गेलं. दोन्ही गोष्टींत माझं नाव नाही.

दसऱ्याच्या स्वारीत आमची पलटण चालणार होती. गावात ताप पसरत चालला होता, म्हणून हेडमास्तरांनी आदल्या संध्याकाळी डॉक्टर बोलावले. ज्याला ताप तो मागं. डॉक्टर जिभेखाली काचेची नळी ठेवतात, तिच्यात पारा चढतो. त्या नळीची एक गंमत मी पोरांना श्रावणात सांगितली होती. बसऱ्याहून परत येताना ताप असलेल्याला जहाजावर घेत नव्हते. तर आम्ही गार पाणी तोंडात धरून उभे राहायचो, डॉक्टर जवळ आला की गिळायचं. पारा बिचारा खालीच. पोरं लोळून हसली. माझ्या शेजारी असाच चढलेला एक साताऱ्याचा माणूस कराचीला उतरला नाही, त्याला समुद्रात सोडला, हे मी सांगितलं नाही. त्यानं गमतीचा विरस झाला असता.

तर पोरांना ती गोष्ट आठवली आणि त्यांनी तसं केलं, असं मी आतापर्यंत स्वतःला सांगत आलो. तेही खोटं आहे.

त्या संध्याकाळी, डॉक्टर यायच्या आधी, इकबाल बाळासोला दंडाला धरून माझ्या खोलीवर घेऊन आला.

"वस्ताद, ह्याचं अंग लई तापलंय. ह्याला मागं ठेवूया. मी ओळ नवाची करतो."

बाळासो म्हणाला, "न्हाई मामा, मी चालतो की. आईला सांगून आलोय, पुढच्या ओळीत हाय म्हणून."

मी त्याच्या कपाळाला हात लावला, आक्का. नळीची काही गरज नव्हती.

पण दसरा नीट झाला तर मला कायम करणार होते. ही खोली, ही पोरं, सकाळची शिट्टी. मला पहिल्यांदा कुठंतरी थांबावंसं वाटत होतं. आणि पुढच्या ओळीत नऊ पोरं म्हणजे पडक्या दातासारखं दिसलं असतं. मी इकबालला म्हणालो, "नायक तू हायस का न्हाईस?"

"हाय, वस्ताद."

"मग धा उभी कर."

त्यानं पाय जुळवले. मग बाळासोला घेऊन गेला. आणि मी आमच्या माठातनं तांब्या भरला आणि डॉक्टर जिथं तपासणार होते तिथं स्वतः नेऊन दाराआड ठेवला.

त्या तांब्याचं मला नवल वाटतं. शाळेत त्यांचा माठ वेगळा, आपला वेगळा. इकबाल आमच्या माठाला हात लावत नाही, हे शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना माहीत. तो तांब्या त्यानं भरलेलाच असू शकत नाही. चौकशीत हे एकालाही सुचलं नाही. किंवा सुचलं असेल.

दसऱ्याला बाळासो चालला. दुपारपासून सोनं लुटेपर्यंत माळावर उभा होता. एकदाही पाय चुकला नाही. हे ऐकून तुला बरं वाटेल का वाईट, मला कळत नाही, पण त्याचं तेवढंच माझ्याकडं आहे. परत येताना शाळेच्या फाटकात पडला. पुढचे पाच दिवस मी त्याच्याजवळ बसलो होतो, हे तरी खरं. तापात तो सारखा आपला नंबर बोलायचा. ओळीत त्याचा नंबर सातवा. 'सात' म्हणायचा आणि गप्प राहायचा, पुढच्यानं आठ म्हणावं म्हणून. मी आठ म्हणायचो. तो परत सात. शेवटच्या दिवशी मी आठ म्हटलं आणि पुढं काही आलं नाही.

मग ओळीतल्या एकानं पाण्याचं सांगून टाकलं. अंगणात सगळी पलटण उभी केली. हेडमास्तरांनी विचारलं, हे कुणी शिकवलं, कुणी करायला लावलं. इकबाल एक पाऊल पुढं आला. म्हणाला, "नायक मी होतो." एवढंच. दाजी नुकतेच आजऱ्याहून पोचले होते, पोराचं तोंडही बघायला मिळालं नव्हतं त्यांना. त्यांनी त्याला मारलं. एकदा नाही. पोरगं ताठ उभं राहिलं, हात मांड्यांना चिकटवून. मी तीन हातांवर होतो, छडी काखेत धरून. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर मी बोललो असतो, असं मला वाटतं. पण ते मला आता वाटतं.

त्याची टोपी आणि पट्टा काढून घेतला. ज्यानं हे करायला लावलं त्याचं नाव दे, नाहीतर शाळेतनं नाव काढतो, हेडमास्तर म्हणाले. दोन आठवडे तो रोज येऊन फाटकाशी उभा राहायचा. सहा दिवसांपूर्वी यायचा बंद झाला. घरीही नाही. बादशहाभाई कापूस पिंजायचं टाकून गावातल्या विहिरी बघत फिरतोय. परवा मला गाठलं, म्हणाला, "वस्ताद, पोरगं तुमास्नी लई मानतंय. जाताना काय बोललं व्हय?"

मी म्हणालो, न्हाई.

त्याच रात्री ट्रंक भरली.

म्हणून हे पत्र. दाजींना सांग, त्यांनी चुकीच्या गालावर हात उचलला. हेडमास्तरांनाही लिहीन म्हणतो, मिरजेला पोचल्यावर. बघ, 'पोचल्यावर' लिहिलं मी. पोरांना काय शिकवलं आणि स्वतः काय करतोय. बसून लिहितोय, आणि एक कान शिट्टीकडं.

आजऱ्याकडच्या भाताच्या गाड्याही आता यायला लागल्यात. समोर एक वळतेय. तुमच्याकडचेच बैल, शिंगांच्या ठेवणीवरून ओळखू येतात. गाडीच्या पुढं एक पोरगं चालतंय, एका पायाला फडकं बांधलेलं.

आक्का, तो इकबाल आहे.

तो आजऱ्याला गेलता. चालत. तुला समोर उभं राहून सांगायला. आणि पोत्यांवर पदर घेऊन बसलेली बाई तू आहेस.

त्यानं तुला काय सांगितलं असेल ते मला माहीत आहे. चूक माझी, नायक मी होतो. माझं नाव घेतलं नसेल, आणि म्हणूनच तू मला भेटायला आली असशील, भाऊ म्हणून. त्यानं मला बघितलंय. पाय जुळवून उभा राहिलाय. तू उतरलीस. आता तू ट्रंकेकडं बघतेस.

तिकडं स्टेशनात गाडीही लागली.

हा कागद तुझ्या हातात देणार नाही. देऊन उपयोग काय, वाचणारा गेला. उठतो आणि तोंडानं सांगतो, दोघांच्या समोर. भाऊ म्हणायचं का नाही ते ऐकून ठरव. तोवर खाली नुसतं नाव लिहितो.

आकाराम