रिंगांवरचे कुंकू

म्हसावद,
ता. २० नोव्हेंबर १९५८

ती. स्व. भाईदासदादांस,
निर्मलेचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. तुम्ही दिवाळी करून पुण्याला गेलात, तरी आई अजून तुमच्या वाटणीची भाकरी थापते आणि ती मला खावी लागते.

मोटारीबद्दल काळजी वाटते. तुम्ही सिलिंडर घासून मोठे केलेत, मोठे पिस्टन आणि त्यांच्याभोवती नव्या रिंगा बसवल्यात. त्यामुळे ती केळीच्या घडांचा ट्रेलर दोंडाईचे स्टेशनापर्यंत सहज ओढते. पण दोन फेऱ्यांत शेरभर इंजिनतेल जाते. मी रोज सकाळी तेल मोजायची सळई पुसून दोनदा पाहते. आबांनी विचारले, तेव्हा आहे तेच सांगितले. आता त्यांना वाटते, दलसिंग ड्रायव्हर तेल काढून विकतो. दलसिंग म्हणतो, इंजिनच पिते. दसऱ्याला मी एकेका रिंगेला कुंकू लावले होते; त्यात काही चुकले का, असेही मनात येते.

लोभ आहे तो पातळ होऊ देऊ नये.
आपली,
निर्मला


पुणे,
ता. २६ नोव्हेंबर १९५८

चि. निर्मलास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मित्रांना वाचून दाखवले. 'म्हसावदच्या फौजदारीणबाई' असे तुझे नाव पडले आहे.

मी बांधलेले इंजिन तेल पीत नाही. गाडी उभी असेल तेव्हा खाली पांढरे फडके अंथर. डाग पडला तर गळती. नाही पडला, तर तेलाला पाय फुटले आहेत, आणि ते दोनच आहेत. मागे निळा धूर दिसेल, त्याकडे लक्ष देऊ नकोस. नवे काम थोडे दिवस धूर करतेच.

आबांना पत्र नेहमीसारखे वाचून दाखव. एक अक्षरही गाळायचे नाही. धुळाक्षरे गिरवताना हातावर छडी मारून मी हेच शिकवले होते ना?

छडी विसर, दादाला विसरू नकोस.
भाईदास


म्हसावद,
ता. २६ डिसेंबर १९५८

ती. स्व. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

फडके कोरे निघाले. आबांचे डोळे अधू, म्हणून तुमचे पत्र मी ओट्यावर त्यांना आणि लोटनकाकांना वाचून दाखवले. दोन पायांच्या तेलावर काका पोट धरून हसले. मग म्हणाले, तेलाच्या चोराचा निवाडा तेलच करते, जुन्यांची रीत आहे.

अंगणात कढईत इंजिनतेल तापवले. तुम्ही काढून ठेवलेली एक जुनी रिंग त्यात टाकली आणि दलसिंगला हाताने काढायला लावली. भाजला नाही तर तो साव. तो एवढेच म्हणत होता, की मन्ही रोजी गयी तरी चाली, पन माले चोर म्हनू नका. त्याने रिंग काढली. हात भाजला, दादा. कुणाचा भाजला नसता? कढई मी आणून दिली होती.

त्यानंतर तेलाचा डबा मी कुलपात ठेवला. गाडी काकांचा सुपडू चालवतो. तेल तेवढेच जाते, आणि चढावर निळा धूर निघतो. शेवटी काल शहाद्याच्या चुनीलाल मिस्त्रींना बोलावले. त्यांनी इंजिन उघडले. तेल खरवडून खाली आणणाऱ्या साऱ्या रिंगा उलट्या. त्यांच्या एका बाजूला खूण असते, ती वर हवी. ती खाली होती. म्हणून रिंगा तेल वर ढकलत होत्या आणि ते जळत होते. त्यांनी नव्या रिंगा सुलट्या बसवल्या. आबांना काय सांगू, ते लवकर कळवावे.

वाट पाहत आहे.
निर्मला


पुणे,
ता. १ जानेवारी १९५९

चि. निर्मलास आशीर्वाद.

आबांना सांग, रिंगाच हलक्या प्रतीच्या होत्या. चुनीलालला मी लिहितो.

यापुढचे वाचू नकोस. खूण दिसली नाही, कारण ती तुझ्या कुंकवाखाली होती. दलसिंग पुसून पाहू म्हणाला होता. आई म्हणाली, पूजेचे कुंकू त्या दिवशी पुसत नाहीत, आणि मुहूर्त टळत होता, म्हणून मी त्याला गप्प बसवले. निळा धूर म्हणजे जळते तेल, हे तुला लिहिताना मला ठाऊक होते. अठरा तारखेला माझा साखरपुडा. हे इंजिन पाहूनच मुलीकडच्यांनी होकार दिला आहे. तोंड उघडलेस, तर कुंकू कुणी लावले हेही सांगावे लागेल.

शहाणी आहेस, शहाणीच राहा.
भाईदास


म्हसावद,
ता. ९ जानेवारी १९५९

ती. स्व. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आबांना सगळे वाचून दाखवले, 'यापुढचे वाचू नकोस' हेसुद्धा. आबांनी कुंकवाची ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले, दोष पोरीच्या हाताचा, पोराचा नाही. साखरपुडा ठरल्या दिवशीच आहे. मला मोटारीजवळ जायची मनाई झाली. काका म्हणाले, हात भाजला, म्हणजे दलसिंगने कधी ना कधी काही चोरलेच असेल.

मी त्याच्या घरी जाऊन आले. उजव्या हाताची बोटे एकमेकांना चिकटली आहेत, उघडत नाहीत. मी माफी मागितली. त्याने खूण खाली होती का, एवढे विचारले. मी हो म्हणाले. मग विचारले, आता तेल किती जाते. मी सुपडूला विचारून गेले होते. सांगितले, की पंधरा दिवसांत सळईवरची रेघ हललेली नाही. तो म्हणाला, चांगलं शे.

साखरपुड्यात वहिनींना कुंकू लावायचा मान नणंदेचा. तो दुसऱ्या कुणाला द्यावा.

लोभाचे मागणे या खेपेस नाही.
निर्मला