सील न फोडता

४ डिसेंबर, गुरुवार
विलासभाऊजी आले. पनवेलहून, न कळवता. टेबलावर कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डाचा खोका ठेवला. "वहिनी, नवं कोरं आहे. त्या जुन्या डबड्यावर किती दिवस लोकांच्या बंगल्यांची चित्रं काढणार?" चहा घेतला, गेले. वाडीबद्दल अवाक्षरही नाही! हे वारले तेव्हापासून दीर माझ्याकडे येतात ते एकाच कामाला: माझ्या सहीशिवाय सुपारीची वाडी विकता येत नाही. आज सहीसुद्धा नको? ताकाला जाऊन भांडं लपवायची यांची जुनी सवय. कुठेतरी पाणी मुरतंय.

५ डिसें.
खोका उघडणार नाही. आहेर फोडला की परतफेड आलीच, आणि माझ्याकडे परत द्यायला काय आहे ते त्यांना पक्कं ठाऊक. पण बसतं का, एवढं बघायला काय हरकत? लांबी खोक्यावर छापलीय, ३०५ मि.मी. बिस्किटांच्या पुठ्ठ्याचं तेवढंच कार्ड कापलं. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर घातलेला जुना गाऊन काढला. खाऱ्या हवेने स्क्रू गंजलेत सगळे. पुठ्ठा आत धरला तर हार्ड डिस्कच्या खणाला अडला, बोटभर. बरं वाटलं.
मग डिस्क वरच्या खणात सरकवून पाहिली. पुठ्ठा बसला. छे.

६ डिसें.
खोक्यावर बारीक अक्षरात: पॉवर सप्लाय निदान ६५० वॉटचा. आपला ४५०. दुरुस्तीवाला समीर फोनवर म्हणाला, "बसंल ताई, पन चालायचं न्हाय. मशीन बंद पडंल." सुटले! लगेच विलासभाऊजींना फोन. चालत नाही हो, परत न्या.
"साडेचारशेचाच सप्लाय आहे ना? माहितीय. साडेसातशेचा एसटीने पाठवलाय, समीर स्टँडवरून घेईल."
आकडा मी सांगितलाच नव्हता. समीरचं नावही नाही.
पुण्याला मनूला फोन लावला. लेक माझीच, तिसऱ्या प्रश्नाला कबूल. दिवाळीत आली तेव्हा तिनेच कॅबिनेट उघडून फोटो काढले नि काकाला पाठवले, समीरचा नंबरही. "आई, मीच मागितलं. सारखं लटकतं ना तुझं मशीन." आणि वाडीचं काय ठरवलंय दोघांनी? "काही नाही." पण त्याआधी जरा थांबली. किती थांबली, तेच आठवत बसलेय.

८ डिसें., सोमवार
अलिबागच्या आर्किटेक्टचा फोन. बुधवारपर्यंत बंगल्याचे चारही बाजूंचे व्ह्यू हवेत, नाहीतर यापुढचं काम दुसऱ्याला. पहिलाच व्ह्यू अर्ध्यात लटकला. दोनदा.
दुपारी समीर सप्लाय घेऊन आला. मी तोंड उघडायच्या आत त्याने खोका फोडून तो लावलासुद्धा. म्हणजे अर्धा आहेर फुटला.
तेवढ्यात विलासभाऊजी फोनवर. "लावलं का? रविवारी बघायला येतो."
एकटेच ना, की वाडीचं गिऱ्हाईकही बरोबर?
"बघू."
समीर कार्डाच्या खोक्याला ब्लेड लावून उभा. "फोडू का ताई?"
रडूच आलं मला. मला ते कार्ड हवंय. पहिल्या दिवसापासून हवंय. नाहीतर पुठ्ठे कापत कोण बसतं?
समीरला म्हटलं, उद्या ये. तो गेल्यावर खोका कपाटात ठेवून कुलूप लावलं. चावी मात्र माझ्याकडेच आहे.