निळ्यावर लाल काड्या

१४ जून २०१२

जास्मीनला टीबी आहे. घरात हा शब्द कुणी उच्चारत नाही. अम्मी 'खोकला' म्हणते.

डिसेंबरात तौसीफशी निकाह, मग जास्मीन त्याच्याकडे कुवेतला जाणार. छातीच्या फोटोत डाग दिसला तर व्हिसा नाही. म्हणून अम्मी तिला पार ठाण्याच्या डॉक्टरकडे नेते. पनवेलमध्ये सगळे ओळखीचे. मला कसम घातली — "कॉलेजात तू नर्स हो, सफूरा. घरात तिची बहीण राहा."

२१ जून

मायक्रोबायॉलॉजीचं प्रॅक्टिकल. शोभा मॅडमनी कुणा पेशंटच्या थुंकीची स्लाइड लावली. निळ्या रंगावर बारीक लाल काड्या. मुली म्हणाल्या, किती छान दिसतंय. मी पुढच्या मुलीला जागा दिली.

मॅडम म्हणाल्या, इतर जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात, याला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. मरतोही सावकाश. म्हणून औषध महिनोन्‌महिने.

२४ ऑगस्ट

ईदला तौसीफची आई, नाझियाखाला, आली ती राहिलीच. टीबीच्या गोळ्यांनी लघवी केशरी होते, आणि संडास एकच. खालाला दिसलं तर? जास्मीनने गोळ्या बंद केल्या. खाला जाईपर्यंतच, म्हणाली.

२ सप्टेंबर

खाला घरी परत गेली. गोळ्या पिठाच्या डब्यामागे तशाच. जास्मीन म्हणते, खोकला थांबलाय, अंग भरलंय, आता कशाला? मी समजावलं. भांडले. अम्मी भाकऱ्या थापत राहिली.

१८ सप्टेंबर

टेस्टमध्ये प्रश्न — क्षयरोगाचं औषध अर्धवट सोडल्यास काय होते? पैकीच्या पैकी मार्क. मॅडमनी माझं उत्तर वर्गात वाचून दाखवलं. मी मान खाली घालून बसले. कॉलेज सोडावंसं वाटतं. काय करायचंय हे शिकून?

३ डिसेंबर

बेसिनमध्ये रक्त.

अम्मीला न विचारता तिला रिक्षात घातलं, सरकारी दवाखान्यात नेलं. थुंकी कल्चरला पाठवली. अम्मी माझ्याशी बोलत नाही. तौसीफकडे कळवलं — कावीळ झालीय, निकाह पुढे ढकलू.

२० डिसेंबर

रिपोर्ट नाही. जंतू उगवायला आठवडे लागतात. ती वाळत चाललीय.

१९ जानेवारी २०१३

रिपोर्ट आला. मुख्य दोन्ही औषधं तिच्यावर चालत नाहीत.

शोभा मॅडमना शेवटी सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाल्या, औषधाने कमजोर जंतू आधी मेले. जे थोडे ते सोसू शकत होते, ते उरले, आणि मोकळीक मिळाल्यावर तेच वाढले. मला हे पाठ होतं. तरी ऐकत राहिले, जणू त्या शेवटी काहीतरी वेगळं सांगतील.

आता दोन वर्षं औषध. आधी कित्येक महिने रोज इंजेक्शन.

२ फेब्रुवारी

तिचे कान वाजतात. इंजेक्शनमुळे. खाल्लेलं टिकत नाही. आज भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तुला माहीत होतं ना? मग जबरदस्तीने का नाही भरवल्यास गोळ्या?"



५ फेब्रुवारी

आज इंजेक्शनला हात पुढे करत नव्हती. धरून द्यावं लागलं. अम्मी बाहेर बाकावर बसून होती. आत आली नाही.

६ फेब्रुवारी

काही लिहावंसं वाटत नाही.

११ फेब्रुवारी

तौसीफ आला. नोकरी सुटली. तिकडे व्हिसा बदलताना मेडिकल झालं, त्याच्या छातीच्या फोटोत डाग निघाला, परत पाठवलं. दारातच उभा राहून अम्मीला हळूच म्हणाला, "जास्मीनला कळू देऊ नका. ती मला नाही म्हणेल."

आतून ती खोकली.

अम्मीने बाजूला होऊन त्याला आत घेतलं.