छतावरची हवा

व्हिया एल साल्वादोर, लिमा
११ जून १९९५

ती. ताईस,
फोर्तुनातोचा कृ. सा. न. वि. वि.

तू पाठवलेले सुकवलेले बटाटे पोचले. सेनोबिया म्हणाली, नणंदेचा हात सढळ आहे, तोंड तेवढं तिखट. मी म्हटलं, आमच्या घरात नेमकं उलटं आहे. त्यावर दोन दिवस अबोला. घर शांत, झोप छान.

आता खरं सांगतो. बसच्या सीटा शिवता शिवता डोळे गेले. रेक्झिनमधून सुई जाते, पण कुठून निघते ते दिसत नाही. म्हणून पेन्शन कचेरीत गेलो. खिडकीतली बाई म्हणाली, आजोबा, तुमच्या नावावर काहीच नाही. मालक दर शनिवारी पगारातून कापून घ्यायचा, ते त्यानं कधी भरलंच नव्हतं. मालक वारला. कारखान्याच्या जागी आता कोंबड्या भाजतात. आणि बँकेतली पुंजी महागाईच्या साली एका पावाच्या किमतीवर आली, ते तू पाहिलंसच.

उरली छतावरची हवा, म्हणजे वर मजला बांधायचा हक्क. औषधवाला तिनोको ती विकत घ्यायला तयार आहे. वर तो आपला मजला चढवील, खाली आम्ही दोघं, आणि त्या पैशांत पुढच्या खोलीत दुकान. म्हातारपण निघून जाईल. पण कुणीतरी त्याच्या कानावर घातलंय, की छत ओतलं त्या दिवशी तू छताची धर्ममाय म्हणून रिवाजाची बाटली फोडलीस, आणि मी हातात पेला घेऊन सगळ्या गल्लीसमोर बोललो, की बहिणीनं गाई विकून सिमेंट दिलं, तेव्हा या छतावरची हवा तिची. असा शब्द इथं मोडता येत नाही, तुला माहीत आहे. तिनोको म्हणतो, बहिणीनं हक्क सोडल्याचं लिहून आण.

ताई, दोन ओळी लिहून दे. मागायला जीभ रेटत नाही, म्हणून कागदावर मागतो.

आहे तेवढा लोभ तरी राहू दे.
तुझा,
फोर्तुनातो


वरची आळी, हाउहा
२४ जून १९९५

चि. फोर्तुनातोस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले. लहानपणी माझ्या वाटचं कणीस हवं असलं की तू आधी माझ्या वेणीचं कौतुक करायचास. पुढे वाचत गेले तसं हसू आटलं.

नाही रे लिहून देता येत. शेत मी एदिल्बेर्तोच्या नावावर केलं, पोटचा पोरगा म्हणून. तू तेव्हा नको म्हणाला होतास. आता माझी खाट गिनीपिगांच्या खुराड्याशेजारी आहे. सून, लुस्मिला, मला रस्सा वाढते तो वरचा, पाण्याचा. परवा शेजारणीला सांगत होती, मला नेमकं ऐकू जाईल अशा बेतानं, की म्हातारी माणसं कोंबडीसारखी दिवसभर टोचत बसतात, अंडं मात्र देत नाहीत. मी म्हटलं, लिमात भावाच्या छतावरची हवा माझी आहे, जो मला नीट ठेवील त्याला ती जाईल. तेव्हापासून रश्श्यात बटाटा येतो.

माझी पेन्शन ती एवढीच. ती तू विकलीस तर मी खाटेवरून भुईवर येईन.

सेनोबियाला म्हणावं, तिखट तोंडानंच इतकी वर्षं तगले. माया आहे तुझ्यावर, म्हणून तर एक नाही म्हणायला इतकं लिहावं लागलं.
तुझी,
ताई


व्हिया एल साल्वादोर, लिमा
५ जुलै १९९५

ती. ताईस,
सा. न.

तुझ्यावर रागावलो होतो. राग पुरा व्हायच्या आत त्याचं कारणच गेलं.

तिनोको म्हणाला, बहीण आज ना उद्या ऐकेल, तोवर मोजमाप करून घेऊ. पोर्फिरिओ गवंड्याला घेऊन आला. त्यानं कोपऱ्यातला खांब छिन्नीनं थोडा फोडला. आतलं लोखंड चिमटीत चुरलं. समुद्रकाठची खारी वाळू, ताई. फुकट मिळायची, सगळ्या गल्लीनं तीच घातली. पुढच्या मजल्यासाठी वर सोडलेल्या सळ्यांच्या टोकांना मी इतकी वर्षं बाटल्या घालून जपलं. टोकं अजून चकचकीत आहेत. आत सगळा भुगा. पोर्फिरिओ सेनोबियाला म्हणाला, मावशीबाई, यावर ओली गोधडी वाळत घालायची तीसुद्धा पिळून घाला. तिनोको चहाला थांबला नाही.

सेनोबिया तेव्हापासून भांडतसुद्धा नाही. मी सीटा शिवतो, बोटात सुई जाते. रेक्झिन लाल असतं म्हणून गिऱ्हाइकाला कळत नाही. डोळे पुरते गेले की काय खायचं, ते मला सुचत नाही.

सोबत दुसरा कागद आहे. तो सुनेसमोर मोठ्यानं वाच. त्यात लिहिलंय, की हवा माझ्या बहिणीची, सगळी गल्ली साक्षी. खोटं काही नाही, हवा तुझीच आहे. तिच्यावर वीट उभी राहणार नाही एवढंच. पोर्फिरिओ तोंड उघडणार नाही. आपल्या दोघांतलं एक तरी तिच्यावर जेवू दे.

आठवण काढ, तेवढी फुकट आहे.
तुझा,
फोर्तुनातो


वरची आळी, हाउहा
१९ जुलै १९९५

चि. फोर्तुनातोस,
अनेक आशीर्वाद.

कागद वाचून दाखवला. त्याच दिवशी माझी खाट चुलीजवळ आली. ताटात गिनीपिगाची तंगडी आली. लुस्मिलानं माझी वेणी घातली आणि मला आई म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा.

काल एदिल्बेर्तो म्हणाला, आई, इथं दहिवरानं पीक जळतं, माझं म्हातारपणही तुझ्यासारखंच जाईल. शेत विकतो आणि लिमात मामाच्या छतावर खोल्या बांधतो, भाड्यावर आपण सगळे जगू. गिऱ्हाईक रविवारी साक्षीदार घेऊन येतंय. हे पत्र तुला मिळेल तेव्हा रविवार उलटून गेलेला असेल, तेव्हा तुला काय विचारू?

गप्प बसले तर शेत जाईल, आणि त्यानं विटा चढवल्या की छत तुमच्या अंगावर येईल. बोलले तर माझी खाट खुराड्याशेजारीसुद्धा राहायची नाही. तुझा कागद त्याला दाखवला तो मीच, तेव्हा सांगायचंही मीच.

एक कर. गच्चीवर चटयांची एक खोली पेलेल का, ते पोर्फिरिओला विचारून ठेव. तिथं नवे गेलात तेव्हा तुम्हीही चटयांतच राहिलात. माझं वजन आता फारसं नाही.

लुस्मिला हाक मारतेय, आई या, रस्सा निवतोय. आज घट्ट केलाय, इथवर वास येतोय. जेवते, आणि मग सांगते.

तू माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
ताई